हरभट रोडजवळची जुनी इमारत, फरशी रस्त्यापासून ३ फूट वर, रॅम्प बसवायचा कसा?

हळदीचं_पोतं:
नमस्कार मंडळी. सांगलीत हरभट रोडच्या आतल्या गल्लीत आमची वडिलांच्या वेळची इमारत आहे, तळमजला आणि वर एक मजला. खाली इतकी वर्षं गोडाऊन भाड्यानं होतं, आता तिथं मी आणि वहिनी मिळून पॅथॉलॉजी लॅब टाकतोय (वहिनी डॉक्टर, बाकीची सगळी धावपळ माझी). तर २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गोडाऊनमधे छातीएवढं पाणी होतं, पोती कुजली, वास महिनाभर जाईना, म्हणून नंतर वडिलांनी भराव टाकून फरशीच उचलून घेतली. आता फरशी रस्त्यापासून ३ फूट वर आहे, पुढं पायऱ्या आणि पायऱ्यांच्या कडेला मोटारसायकल चढवायला केलेला सिमेंटचा उतार, लांबी जेमतेम ७ फूट.

गवंडी म्हणतोय हाच की रॅम्प, वेगळा कशाला पाहिजे. पण आमच्या मावशीला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्हीलचेअरवर घेऊन त्यावरनं चढवायला गेलो तर दोघं मागनं ढकलतोय आणि ती दोन्ही हात धरून ओरडतेय, शेवटी खुर्ची उलटी फिरवून ओढत वर नेली. लॅबला येणारं निम्मं पब्लिक म्हातारं, नाहीतर आजारी. हे चालणार नाही.

मापं देते. दुकान १४ फूट रुंद, ४० फूट खोल. पुढं ५ फुटांचा ओटा, मग गटार, मग लगेच रस्ता. डाव्या अंगाला ५ फुटी बोळ, पार मागपर्यंत, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आमच्याच नावावर आहे, भांडण नाही. मागं परस १८ बाय १५, मागचं दार तिकडं उघडतं. विचारायचं एवढंच की गटारावरनं पुढं रस्त्याकडं रॅम्प काढला तर चालतो का, का लोखंडी घडीचा करावा, आणि खाजगी जागेला हे सगळं सक्तीचं आहे का. ओळखीतल्या कुणी केलं असेल तर सांगा.


ओळंबा:
आर्किटेक्ट आहे, विश्रामबागेत बसतो. आधी साधं गणित बघा. रॅम्पला १ ला १२ हा उतार धरतात, म्हणजे १ इंच चढायला १२ इंच लांबी. तुमचे ३ फूट म्हणजे ३६ इंच, म्हणजे ३६ फूट लांब रॅम्प. तुमचा आत्ताचा उतार ७ फूट आहे, ती घसरगुंडी झाली ताई, रॅम्प नव्हे. आणि १ ला १२ हासुद्धा जास्तीत जास्त आहे, जागा असेल तर अजून सपाट करावा, स्वतःच्या हातानं चाक फिरवणाऱ्याला १ ला १२ पण दम काढतो.

गटारावरनं रस्त्यात काढायचा विचार सोडून द्या. एकतर अतिक्रमणाच्या मोहिमेत पहिला तोच तोडतील, आणि दुसरं म्हणजे तुमच्या रॅम्पमुळं रस्त्यानं जाणाऱ्या दुसऱ्या म्हाताऱ्याला वाहतुकीत उतरायला लागणार. पुढच्या ओट्यात ५ फुटात काहीच बसत नाही.

पण तुमच्याकडं बोळ आहे ना, सोनं आहे ते. ३० फूट सलग चढ बोळातनं न्यायचा, साधारण ९ मीटरच्या पुढं सलग चढ द्यायचा नसतो, तिथं सपाट लँडिंग लागतं. ते लँडिंग नेमकं परसाच्या कोपऱ्यावर येतंय, ५ बाय ५ करा, तिथंच काटकोनात वळायचं, उरलेले ६ फूट मागच्या भिंतीला लागून चढायचं आणि दारापुढं परत ५ बाय ५ सपाट जागा. दारापुढची ही सपाट जागा लोक हमखास विसरतात, मग माणूस उतारावर एका हातानं खुर्ची धरतो आणि दुसऱ्यानं दार ओढतो. आमच्या बांधकाम नियमावलीत नवीन बांधकामाला रॅम्प १.८ मीटर रुंद मागतात, जुन्या भिंती काय सरकत नाहीत, पण दोन्हीकडचे हातानं धरायचे पाइप लावून आत १२०० मिमी स्वच्छ राहिले पाहिजेत, ५ फुटी बोळात ते आरामात राहतात.

फरशी चकचकीत लावू नका. साधं काँक्रीट झाडूनं आडवं ओरखडून घ्या, आपल्याकडं पुराचा गाळ बसतो आणि ग्लेझ्ड टाइलवर गाळ म्हणजे हाडं मोडायची सोय. कडेनं बारीक चर काढून पाणी परसाकडं न नेता रस्त्याच्या गटाराकडं सोडा.


कृष्णाकाठ_७८:
एक विचारू का, राग नको. दिवसाला व्हीलचेअरवाले किती येणार, एक? दोन? त्यासाठी अख्खा बोळ घालवायचा, काँक्रीट ओतायचं, पैसे घालायचे. आमच्या पेठेत कुणी आलं तर आमची पोरं चौघं जण खुर्चीसकट उचलून वर ठेवतात, माणुसकी अजून शिल्लक आहे की ओ सांगलीत. नाहीतर घरी जाऊन रक्त घेऊन यायचं, हल्ली सगळ्या लॅब तेच करतात.


चाकावरचा_मिरजकर:
काका राग नाही, पण उचलून घेण्यात काय असतं ते सांगतो, गेली बरीच वर्षं मीच उचलला जातोय. चौघं येतात, चौघंही प्रेमानं येतात, आणि त्यातला एक जण हमखास खुर्चीच्या हाताला धरतो. हे हात काढता येतात ओ, पलंगावर सरकायला सोपं जावं म्हणून. धरून वर उचललं की हात त्याच्या हातात आणि मी एका बाजूला कलंडलेला. दुसरा पाय ठेवायच्या पट्टीला धरतो, ती पण निघते. माझ्या पायाला लघवीची पिशवी बांधलेली असते, ती कुणाच्या कोपरात अडकली तर काय होतं ते इथं लिहित नाही. बायामाणसांचं तर विचारूच नका, चार अनोळखी पुरुषांनी उचलायचं म्हणजे त्या येतच नाहीत. येत नाहीत म्हणून तुम्हाला दिवसाला एकच दिसतो.

घरी येऊन रक्त नेतात ते चांगलंच आहे, मी पण बोलावतो. पण मला बाहेर पडायचं असलं तर? बाजार करून येता येता शुगर तपासायची असली तर?

ताई, ओळंबा सरांचं बरोबर आहे, बोळातनंच करा. फक्त एक, मागच्या दारानं न्यायचं म्हटल्यावर ते दार अडगळीचं ठेवू नका. एका ठिकाणी मला असंच मागनं नेलं तर वाटेत रिकामे कॅन, मॉप, बादली, आणि आत गेल्यावर मी डायरेक्ट स्टाफच्या जेवणाच्या टेबलापाशी. सगळे डबे बंद करून बघायला लागले. तुमची लॅब नवीनच आहे तर बसायची जागा आणि काउंटर मागच्या बाजूला घ्या आणि सगळ्या पब्लिकला बोळातनंच येऊ दे. बघा, महिन्याभरात पायऱ्यांनी कुणी चढणार नाही, गुडघेवाले सगळे रॅम्पनंच येणार.

आणि रॅम्पच्या नादात आतलं विसरू नका. संडास! तुमची लॅब आहे, युरिन सॅम्पल मागणारच. डबी हातात देतात आणि संडासाचं दार अडीच फुटाचं, चौकट आणि पल्ला वजा जाता २७ इंच, माझी खुर्ची २६ इंच, हाताची बोटं सोलून निघतात. आत गेलोच तर ४ इंचाचा उंबरा. दार बंद होत नाही कारण खुर्ची अर्धी बाहेर. मी सॅम्पल न देताच परत आलोय.


ओळंबा:
मिरजकरांच्या संडासाच्या मुद्द्याला जोडून मापं देतो. दाराची स्वच्छ रुंदी ९०० मिमी आणि दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणारं नको, माणूस आत पडला तर त्याच्याच अंगावर दार अडकतं. आतली जागा नियमावलीप्रमाणं किमान १५०० बाय १७५०, पण हे अगदीच किमान आहे, तुमच्या परसात जागा आहे तर कमोडच्या एका बाजूला ९०० मिमी मोकळी सोडा म्हणजे खुर्ची शेजारी लावून सरकता येतं, आणि खुर्ची गोल वळायला १५०० मिमीचा घेर मिळेल असं बघा. कमोडशेजारच्या भिंतीला धरून उठायला आडवा बार, दुसऱ्या बाजूला वर उचलता येणारा. बार रॉलप्लगवर अर्ध्या विटेच्या भिंतीत ठोकू नका, अख्ख्या माणसाचं वजन येतं त्याच्यावर, भिंत भरीव असू दे. बेसिनखाली खांब नको, गुडघे जायला पाहिजेत. आणि सॅम्पलची डबी ठेवायला बसल्या जागी हाताला येईल असा छोटा कट्टा, हे कुठल्या नियमात नाही, पण लॅबला लागतंच.

काउंटरचा निदान ३ फुटांचा भाग खाली घ्या, साधारण ७५० ते ८०० मिमी, खाली पोकळ. नेहमीच्या ४ फुटी काउंटरपुढं खुर्चीतल्या माणसाला फक्त ग्रॅनाइटची पट्टी दिसते.


कोर्टाची_पायरी:
कायद्याचं विचारलंय म्हणून थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधे सार्वजनिक इमारतीची व्याख्याच अशी आहे की सरकारी असो नाहीतर खाजगी, जिथं सर्वसामान्य लोक येतात ती, आणि त्यात वैद्यकीय सेवा, शाळा, व्यापार, धार्मिक स्थळं सगळं येतं. म्हणजे लॅब आलीच. कलम ४४ प्रमाणं नियम पाळले नसतील तर नवीन इमारतीला पूर्णत्वाचा दाखलाच द्यायचा नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना कलम ४५ मधे नियम आल्यापासून ५ वर्षं दिली होती, नियम आले जून २०१७ मधे, म्हणजे ती मुदत २०२२ लाच संपलीय. दंड पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत, पुढं ५० हजार ते ५ लाख.

आता गंमत अशी की नोव्हेंबर २०२४ मधे सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी खटल्यात त्या २०१७ च्या नियमांतला १५(१) हा नियमच रद्द ठरवला. कारण कायदा म्हणतो सक्ती, आणि नियमातली मार्गदर्शक तत्त्वं वाचली की निम्मी 'करावं', 'असल्यास बरं' अशा भाषेत. कोर्ट म्हणालं, सक्तीचं किमान वेगळं काढा आणि बाकीचं हळूहळू करा, ३ महिन्यांत नियम करा. तेव्हा ताई, १ ला १२ आणि ९०० मिमी धरून चाला, यापेक्षा ढिलं कुणी करणार नाही.

ज्यांना तक्रार करायचीय त्यांच्यासाठी, दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे, लेखी अर्ज फोटो आणि मापांसकट द्या. नुसतं 'गैरसोय होते' लिहिलं की फाइलला लागतं आणि तिथंच राहतं. टेप लावून फोटो काढा.


पांढरी_काठी:
सगळे चाकावरच बोलताय म्हणून घुसतो. मला दिसत नाही, फोन वाचून दाखवतो तसं हे ऐकतोय. मला ३ फूट चढायला काही अडचण नाही, मला अडचण आहे ती पायऱ्या एकसारख्या नसल्या की. चार पायऱ्या ६ इंचाच्या आणि शेवटची ९ इंचाची, कारण फरशी नंतर बसवली. तिथं तोंडावर आपटतो माणूस. ताईंनी भराव टाकून फरशी उचललीय म्हणजे हे नक्की झालं असणार, शेवटची पायरी मोजून बघा. थोडं दिसणाऱ्यांसाठी प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी नाहीतर पांढरी ठळक पट्टी मारा, स्वस्तातलं काम आहे. जिन्याखालची जागा मोकळी असेल तर तिथं काहीतरी अडसर करा, काठी खालनं पुढं जाते आणि कपाळ जिन्याच्या पोटाला लागतं.

आम्हाला पायानं आणि काठीनं वाट कळावी म्हणून असतात त्या पिवळ्या ठिपक्यांच्या टाइल लावणार असाल तर समजून लावा. जपानमधे १९६५ ला निघाल्या, १९६७ ला ओकायामात पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या, आणि त्यांचा अर्थ सरळ आहे, लांब रेघा म्हणजे चला आणि गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढं काहीतरी आहे. आपल्याकडं एका ऑफिसात मी रेघांवरनं चालत गेलो तो सरळ झेरॉक्स मशिनवर. टाइल आधी बसली, मशिन नंतर आलं. दुसरीकडं ठिपके आणि रेघा बुद्धिबळाच्या पटासारख्या आलटून पालटून, डिझाइन म्हणून. तुमच्या जागेत रॅम्पच्या सुरुवातीला आणि शेवटी आणि पायऱ्यांच्या वर-खाली एक एक ओळ ठिपक्यांची, बास.

काचेचं दार लावणार असाल तर त्याला डोळ्याच्या उंचीला ठळक पट्टी. हे डोळसांनाही लागतं, डोळस लोक माझ्यापेक्षा जास्त वेळा काचेवर आपटतात असं ऐकून आहे.


साताऱ्याचा_चढ:
आमच्याकडं उलटं, गावच उतारावर, त्यामुळं बऱ्याच इमारतींना खालच्या रस्त्यानं आठ पायऱ्या आणि वरच्या रस्त्यानं थेट सपाट. आमच्या अभ्यासिकेत वरचं दार सुरक्षेसाठी म्हणून कायम बंद असायचं, पोलिओ झालेला एक मुलगा रोज रांगत चढायचा. वरच्या दाराला फक्त कडी आणि बेल बसवली, एक रुपयाचं बांधकाम नाही, झालं काम. खर्च करायच्या आधी इमारतीभोवती एक चक्कर मारा एवढंच सांगायचंय.

आणि नाव पुकारायचं तेवढं बघा. माझ्या भावाला ऐकू येत नाही, लॅबमधे 'चला पाटील' म्हणून आतनं ओरडतात आणि तो बसलेलाच. पाटील तर चार जण उठतात. नंबर दिसणारा छोटा बोर्ड लावा आणि नंबर तोंडानं पण म्हणा, म्हणजे काठीवाल्या दादांचं पण होतंय.


हळदीचं_पोतं:
बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. मिस्त्रीला बोलवून लेव्हलच्या नळीनं मापं घेतली. दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे रस्त्यावर डांबराचे थर चढून चढून रस्ताच वर आलाय, आता फरक ३६ नाही, ३३ इंच आहे. म्हणजे बोळात ३० फूट आणि वळल्यावर ३ फूट, मागं भरपूर जागा राहते. दुसरं, काठीवाल्या दादांनी सांगितलेलं खरं, शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा अडीच इंच उंच आहे, आम्ही रोज चढतो, पायाला सवय झालीय, कळतच नाही.

वहिनी म्हणते मिरजकर दादा म्हणतात तसं वेटिंग आणि काउंटर मागं घेऊ, मशिनरी पुढं. रस्त्याचा धुरळा येतो म्हणून पुढं काचेचं पार्टिशन लावणारच होतो. बसायच्या जागेत एक खुर्चीची जागा रिकामी सोडणार, नाहीतर चाकवाला माणूस मधल्या वाटेत उभा राहतो आणि सगळे त्याला 'जरा सरका' म्हणतात.

आता अडलंय ते शेजारच्या काकूंच्या खिडकीवर. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची दारं आमच्या बोळात बाहेर उघडतात. रॅम्प चढत जाणार म्हणजे तिथं पोचेपर्यंत माणसाचं डोकं बरोबर खिडकीच्या दाराला. आणि लोखंडी केला तर लवकर होईल का, हे पण सांगा कुणीतरी.


कुपवाड_फॅब्रिकेशन:
ताई मी एमआयडीसीत हीच कामं करतो. तुमच्या केसमधे लोखंडी नको, ३३ फूट लोखंड किलोवर मोजायला लागलं की काँक्रीट परवडलं म्हणाल, शिवाय पूर आला की खालनं गंज. चेकर्ड प्लेटवर ऑइल पेंट मारला की पावसात बर्फ होतो. जाळी लावतात काही जण, तर जाळीच्या पट्ट्या चालायच्या दिशेनं आल्या की खुर्चीची पुढची बारकी चाकं आत रुततात. घडीचा पोर्टेबल एक पायरी असेल तिथं ठीक, ६ इंचाला ६ फुटी पट्टी टाकली, काम झालं. ३३ इंचाला घडीचा सांगणारा भेटला तर त्याला आधी स्वतः चढून दाखवायला सांगा.

माझ्याकडनं फक्त पाइप घ्या. गोल पाइप, ४० मिमीच्या आसपास, मुठीत बसला पाहिजे, चौकोनी डिझायनर नको. भिंतीपासून ५० मिमी सुटा, दोन्ही बाजूंना, दोन उंचीवर, आणि वर-खाली दोन्ही टोकांना रॅम्पच्या पुढं ३०० मिमी जास्तीचा. टोक उघडं सोडायचं नाही, खाली वळवून बंद करायचं, नाहीतर साडीचा पदर अडकतो. परसातल्या वळणावर एक बाजू उघडी आहे तिथं काँक्रीटची ३ इंची कड उचलून घ्या, चाक घसरायला नको.

काकूंच्या खिडकीला सरकती फ्रेम करून देतो, दोन पल्ल्याची. खर्च तुम्ही द्या, काकूंना फक्त चहाला बोलवा, होतील तयार.


चाकावरचा_मिरजकर:
मस्त. फक्त बोळाच्या तोंडाला गेट असणार ना? त्याला दिवसा कुलूप घालू नका आणि त्याच्यापुढं मोटारसायकली लावू देऊ नका. निम्म्या सांगलीत रॅम्प आहेत, पण पुढं गाड्या आणि चावी ज्याच्याकडं आहे तो जेवायला गेलेला.


कुपवाड_फॅब्रिकेशन:
गेट बाहेर रस्त्यात उघडणारं करूच नका मग. बोळात ५ फूट सपाट सोडताय सुरुवातीला, तिथंच भिंतीला चिकटून आत घडी होणारं करतो. सरकतं पाहिजे असलं तर खाली रूळ नको, चाकं आपटतात, वरनं टांगतं करू. शनिवारी येऊन माप घेऊन जातो, तोवर ओळंबा सरांकडनं रॅम्पची लाइन भिंतीवर मारून घ्या म्हणजे पाइपची उंची तिथंच ठरवू.